उलट-सुलट टाक्यांतली ऊब

निफाडचा पारा दहा अंशांखाली उतरल्याच्या बातम्या झळकू लागल्या, की पुण्या-नाशिकच्या घराघरांतील कपाटे उघडतात आणि डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन स्वेटर बाहेर पडतात. सकाळी सातच्या शाळेला मुलांना सोडायला दुचाकी काढणारे पालक जाकीट चढवतात, हातमोजे घालतात, कानटोपी किंवा हेल्मेट घालतात. तरीही थंडी शिरायची तेथून शिरतेच. हनुवटी आणि कॉलर यांच्यामधली चार बोटांची जागा उघडी राहते आणि तेवढ्याने सारा बंदोबस्त फुकट जातो.

या फटीसाठी आपल्याकडे मफलर आहे, स्टोल आहे, ओढणीही आहे. परंतु या सर्वांना दोन मोकळी टोके असतात आणि चालत्या वाहनावर ही टोके धोक्याची ठरतात. प्रख्यात नर्तकी इसाडोरा डंकन हिचा १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील नीस येथे झालेला मृत्यू याच कारणाने झाला. उघड्या मोटारीत बसलेल्या इसाडोराच्या गळ्यातील लांब रेशमी स्कार्फ चाकात अडकला आणि क्षणात सारे संपले. दुचाकीच्या चाकात ओढणी अडकून होणारे अपघात आपल्याकडेही नवे नाहीत.

टोकेच नसलेला, दोन्ही बाजू एकमेकींना जोडून गोल केलेला गळपट्टा हा यावरचा सोपा उपाय. विणकामाच्या परिभाषेत त्याला ‘काऊल’ म्हणतात. ख्रिस्ती मठवासीयांच्या अंगरख्याला असणाऱ्या टोपडीचे हे नाव. आज मात्र ते डोक्यावरून घालून गळ्याशी बसवायच्या लोकरीच्या गोल पट्ट्याला रूढ झाले आहे. मध्यम आकाराचा, बाह्यांची वा गळ्याच्या घडणीची कटकट नसलेला आणि शंभर ग्रॅम लोकरीत होणारा असल्यामुळे नवशिक्यांनाही तो जमतो. मात्र तो खरोखर उबदार व्हायचा असेल, तर ऊब नेमकी कोठून येते हे आधी ठाऊक असावे लागते.

गळ्याचे धुराडे

शरीरातील बहुतांश उष्णता डोक्यातून निघून जाते, असा एक समज जगभर आहे. तो खरा नाही. डोक्यातून जाणारी उष्णता साधारणपणे त्याच्या पृष्ठभागाच्या प्रमाणातच असते. गळ्याचे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. अंगाच्या उष्णतेने कपड्यांच्या आतली हवा तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर सरकते आणि तिला बाहेर पडण्याची वाट कॉलरपाशी मिळते. म्हणजे जाकीट हे जणू चूल आणि गळा हे तिचे धुराडे. धुराडे उघडे असेल, तर तापलेली हवा निसटत राहते आणि तिच्या जागी गार हवा आत ओढली जाते. ते बंद केले, की तेच जाकीट अधिक उबदार वाटू लागते.

शिवाय मेंदूला रक्त पोहोचवणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या गळ्याच्या दोन्ही बाजूंनी कातडीपासून फार खोल नसतात आणि या भागावर चरबीचे आवरणही बेताचेच असते. त्यामुळे गळ्याला लागलेला गारठा लगेच जाणवतो. दुचाकीवर तर वाऱ्याचा झोत सतत गळ्यावरच येत असतो.

ऊब लोकरीची की हवेची?

लोकर गरम असते असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात लोकर स्वतः उष्णता निर्माण करणारी शेगडी नव्हे. ती अंगाची उष्णता बाहेर जाण्यास अटकाव करते आणि त्यातही खरे काम करते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. लोकरीच्या घन तंतूपेक्षाही ती कितीतरी मंद आहे. मेंढीच्या लोकरीचा प्रत्येक तंतू निसर्गतःच कुरळा, लाटालाटांचा असल्यामुळे दोन तंतू एकमेकांना पूर्णपणे चिकटत नाहीत. त्यांच्यामध्ये असंख्य बारीक पोकळ्या राहतात आणि त्यांत हवा कोंडली जाते.

येथे ‘स्थिर’ हा शब्द महत्त्वाचा. पोकळी मोठी असेल, तर आतली हवा फिरू लागते आणि फिरताना उष्णता वाहून नेते. पोकळ्या लहान आणि पुष्कळ असतील, तर हवा जागच्या जागी राहते. म्हणूनच जाड लोकरीच्या सैल, भोकाभोकांच्या विणीपेक्षा बारीक लोकरीची घट्टसर वीण वाऱ्याला चांगली अडवते आणि वजनाने हलकीही राहते. गळ्याशी जाडजूड वस्तू नको असते, हेल्मेटच्या पट्ट्याखाली तर नकोच नको. बारीक लोकरीची निवड त्यामुळे निव्वळ नाजूकपणासाठी नाही, ती सोयीचीही आहे.

लोकरीचा दुसरा गुण ओलाव्याशी संबंधित आहे. आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश इतकी वाफ ती तंतूच्या आत शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. इतकेच नव्हे, तर वाफ शोषली जाताना थोडीशी उष्णता बाहेर पडते. नाका-तोंडाशी येणाऱ्या गळपट्ट्यावर श्वासाचा दमटपणा सतत जमा होतो. तेथे हा गुण कामास येतो. ॲक्रिलिकसारखा कृत्रिम धागा मात्र पाणी जवळजवळ शोषतच नाही. परिणामी थोड्याच वेळात तो दमट व गार वाटू लागतो.

पोत ही केवळ नक्षी नव्हे

दोन सुयांवरच्या विणकामात मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. खरे पाहता हाही एकच टाका आहे. सुलट टाक्यात फास आपल्या बाजूला ओढला जातो, तर उलट टाक्यात पलीकडे. जो एका बाजूने सुलट दिसतो, तोच दुसऱ्या बाजूने उलट दिसतो.

एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशी वीण घातली, की समोरच्या बाजूला सगळे फास एकाच दिशेला येतात व सपाट, गुळगुळीत कापड तयार होते. आपले बहुतेक स्वेटर असेच असतात. या विणीत एक दोष आहे. सर्व फासांचा ओढा एकाच बाजूला असल्यामुळे कापड तोल सांभाळू शकत नाही. त्याच्या बाजूच्या कडा मागे वळतात आणि वरच्या-खालच्या कडा पुढे गुंडाळल्या जातात. असा गळपट्टा केला, तर घालताच त्याची वळकटी होते.

याउलट सुलट आणि उलट टाके शेजारी-शेजारी आले, की गंमत घडते. सुलट टाक्यांचे उभे पट्टे पुढे येतात आणि उलट टाक्यांचे मागे सरतात. स्वेटरच्या मनगटाशी असलेल्या पट्टीत, म्हणजे ‘रिब’मध्ये, नेमके हेच होते. एकावर एक येणाऱ्या ओळींत हा बदल केला, तर मात्र उलट टाक्यांच्या आडव्या वरंब्या वर येतात. एक सुलट, एक उलट आणि पुढच्या ओळीत त्याच्या बरोबर विरुद्ध, असे केले, की दाणेदार पोताची साबुदाण्याची वीण तयार होते.

या चढउतारांमुळे कापडाची जाडी वाढते. तेवढ्याच लोकरीच्या धाग्यात अधिक हवा मावते. उंचवटे कातडीला टेकतात, खळग्यांत हवेचे कप्पे राहतात. दोन्ही बाजूंचे ओढे एकमेकांना तोलून धरत असल्याने कडा वळत नाहीत आणि दोन्ही बाजू सारख्याच देखण्या दिसतात. गळपट्टा अंगावर असताना त्याची उलटी बाजू डोकावतेच, म्हणून हा गुण येथे विशेष मोलाचा.

कोळ्यांचा स्वेटर आणि आपला गंजीफ्रॉक

पोत आणि ऊब यांचे हे नाते ब्रिटनच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या बायकांना भौतिकशास्त्र न शिकताही उमगले होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडचे कोळी ‘गर्न्सी’ नावाचा गडद निळा, अंगाबरोबर बसणारा स्वेटर वापरत. इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटावरून त्याला हे नाव पडले. घट्ट पिळाची लोकर, पोलादाच्या बारीक सुया आणि शिवण नको म्हणून गोलाकार विणलेले अंग, अशी त्याची रचना असे. पोटाकडचा भाग बहुधा सपाट असे, पण छाती आणि दंड यांवर उलट-सुलट टाक्यांची दाट नक्षी असे. ज्या भागाला वारा व पाणी यांचा मारा अधिक, तेथे कापड अधिक जाड. बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणल्या जात. त्यामुळे मनगटाशी झिजलेला भाग उसवून पुन्हा विणता येई.

हेरिंग मासळीच्या हंगामात स्कॉटलंडच्या मुली मासे साफ करण्याच्या कामासाठी किनाऱ्याकिनाऱ्याने यारमथ, लोवेस्टॉफ्टपर्यंत जात. फुरसतीत त्यांच्या हातात सुया असत आणि त्यांच्याबरोबर नक्ष्याही गावोगाव पोहोचत. बुडालेल्या कोळ्याची ओळख स्वेटरच्या नक्षीवरून पटे, अशी एक कथा नेहमी सांगितली जाते. जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या १९०४ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकात बहीण आपल्या बुडालेल्या भावाची खूण मोज्याच्या टाक्यांवरून ओळखते. त्या प्रसंगाने या कथेला बळ दिले असावे.

महाराष्ट्राशी या स्वेटराचा एक अनपेक्षित धागा जुळतो. बनियनसाठी आपण वापरत आलेला ‘गंजीफ्रॉक’ हा शब्द ‘गर्न्सी फ्रॉक’ या इंग्रजी नावाचाच अपभ्रंश मानला जातो. आपल्या हवेत लोकर गळून पडली आणि नाव तेवढे सुती कपड्याला चिकटून राहिले.

टोचणारी आणि न टोचणारी लोकर

महाराष्ट्रात लोकर नाही असे नाही. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर आणि सणगरांनी मागावर विणलेली घोंगडी यांची परंपरा मोठी आहे. पावसापाण्यात, रानात घोंगडीसारखी सोबत नाही. परंतु तीच लोकर गळ्याशी लावली तर टोचते, आणि त्यालाही शास्त्रीय कारण आहे.

लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तंतू सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा जाड असला, की त्याचे टोक कातडीला टेकताना वाकत नाही, बोचते. बारीक तंतू मात्र सहज वाकतो. अनेकांना आपल्याला लोकरीची ॲलर्जी आहे असे वाटते, पण बहुतेक वेळा तो केवळ जाड तंतूंच्या बोचण्याचा त्रास असतो. मेरिनो जातीच्या मेंढीची उत्तम लोकर १७ ते १९ मायक्रॉनच्या आसपास असते, तर पश्मिन्याचा तंतू १२ ते १६ मायक्रॉन इतका तलम असतो. मेरिनो मूळची स्पेनची. ती १७९७ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचली आणि पुढे तो देश तलम लोकरीचे आगर बनला. भारतात सर्वाधिक लोकर राजस्थानात निघते, पण ती मुख्यतः गालिच्यांच्या कामाची. तलम लोकर आपल्याला आयातच करावी लागते.

खरेदी करताना गुंडा बोटांनी चाचपून उपयोग नाही, कारण बोटांची कातडी जाड असते. तो हनुवटीखाली, गळ्याशी मिनिटभर दाबून धरावा. तेथे टोचला नाही, तरच घ्यावा.

याहून मोठा घोळ नावाचा आहे. आपल्या बाजारात विणायच्या कोणत्याही धाग्याला सरसकट ‘लोकर’ म्हणतात. प्रत्यक्षात रंगीबेरंगी, स्वस्त गुंड्यांपैकी पुष्कळसे ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिक टिकाऊ आहे, मशीनमध्ये धुता येते आणि लहान मुलांच्या रोजच्या कपड्यांना ते सोयीचेही आहे. मात्र लोकरीची किंमत मोजून ते घरी येऊ नये. गुंड्यावरच्या पट्टीवर घटकांचे प्रमाण वाचावे. १९६४ पासून वापरात असलेले ‘वूलमार्क’चे चिन्ह हीदेखील शुद्ध लोकरीची एक खूण.

पट्टी नसेल, तर जळणाची परीक्षा करता येते. बोटभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून, ज्योतीला लावावा. खरी लोकर हळू जळते, ज्योत बाजूला नेताच विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेली राख बोटांत सहज चुरडते. ॲक्रिलिक भराभर पेटते, वितळते आणि शेवटी कठीण काळा मणी उरतो. ही परीक्षा मोठ्यांनीच आणि मोकळ्या हवेत करावी.

सुयांच्या क्रमांकांची गफलत

या गळपट्ट्यासाठी ‘४ प्लाय’ जाडीची मेरिनो लोकर योग्य. परदेशी पुस्तकांत साधारण याच जाडीला ‘फिंगरिंग’ म्हणतात. ५० ग्रॅमच्या गुंड्यात सुमारे १७५ ते २०० मीटर धागा असावा. असे दोन गुंडे नमुन्यासकट पुरतात. ‘प्लाय’ म्हणजे मुळात एकत्र पिळलेले पदर. परंतु पदर जाड असले, तर दोन पदरांचा धागाही चार पदरांपेक्षा जाड होऊ शकतो. म्हणून शब्दापेक्षा वजन आणि लांबी यांच्या प्रमाणावर विश्वास ठेवावा.

सुया ९ क्रमांकाच्या, म्हणजे ३.७५ मिलिमीटर जाडीच्या घ्याव्यात. येथे अनेकांची फसगत होते. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत चालते. तीत क्रमांक जितका मोठा, तितकी सुई बारीक. अमेरिकी पद्धतीत नेमके उलट असते. अमेरिकी ९ क्रमांकाची सुई ५.५ मिलिमीटरची, म्हणजे आपल्या ९ क्रमांकापेक्षा जवळजवळ दीडपट जाड असते. अमेरिकी नमुना पाहून आपल्या दुकानातील ९ क्रमांकाची सुई आणली, की सारे माप बिघडते. मिलिमीटरमधले माप विचारणे हाच यावर खात्रीचा उपाय.

नमुन्याचा तुकडा टाळू नये

प्रत्येकाचा हात वेगळा. कोणाची वीण घट्ट, कोणाची सैल. म्हणून आधी ३५ टाक्यांचा, पन्नासेक ओळींचा चौकोनी तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजावा. न ओढता मोजल्यावर १० सेंटिमीटरमध्ये २८ टाके बसायला हवेत.

हा तुकडा म्हणजे वेळेचा अपव्यय, असे बहुतेकांना वाटते. हिशेब वेगळेच सांगतो. १६० टाक्यांचा गळपट्टा १० सेंटिमीटरला २८ टाके या हाताने विणला, तर त्याचा घेर ५७ सेंटिमीटर होतो. हात घट्ट असून २३ च्या ऐवजी नव्हे, २८ च्या ऐवजी ३२ टाके बसले, तर तो ५० सेंटिमीटरवर येतो आणि डोक्यावरून घालताना ओढाताण होते. उलट २४ च टाके बसले, तर घेर ६७ सेंटिमीटर होऊन गळ्याशी फट राहते. मग धुराडे पुन्हा उघडेच. टाके जास्त बसत असतील तर एक क्रमांक जाड, कमी बसत असतील तर एक क्रमांक बारीक सुई घेऊन पुन्हा मोजावे.

पूर्ण गळपट्ट्यात सुमारे १६ हजार टाके पडतात. मिनिटाला २० टाके या गतीने हे काम तेरा तासांहून अधिक चालते. तासाभराचा तुकडा ही मेहनत वाचवत असेल, तर तो स्वस्तच म्हणायचा.

चुकीतून आलेली वीण

येथे सुचविलेल्या विणीचे इंग्रजी नावच मोठे गमतीचे आहे. तिला ‘मिस्टेक रिब’, म्हणजे चुकलेली रिब, म्हणतात. दोन सुलट, दोन उलट या नेहमीच्या पट्टीत टाक्यांची संख्या एकाने कमी झाली, की पट्टे एका टाक्याने सरकतात आणि सरळ रेघांऐवजी खोल, दाणेदार पोत तयार होतो. चूक असली तरी ती रिबसारखी ताणली जाते आणि साबुदाण्याच्या विणीसारखी दाणेदार दिसते.

गोल विणण्यासाठी ४० सेंटिमीटर लांबीची, मध्ये लवचिक तार असलेली गोल सुई घ्यावी. टाके घालताना एक क्रमांक जाड, म्हणजे ८ क्रमांकाची सुई वापरावी. कड घट्ट झाली, तर गळपट्टा डोक्यावरून उतरत नाही. १६० टाके घालावेत. फेरी जोडण्यापूर्वी सर्व टाक्यांची खालची कड आतल्या बाजूला एकसारखी आहे ना, हे नीट पाहावे. टाके सुईभोवती एकदा जरी पिळले गेले, तरी पूर्ण गळपट्ट्याला कायमचा पीळ पडतो आणि उसवण्यावाचून मार्ग राहत नाही. फेरीच्या आरंभी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण अडकवावी.

पहिली फेरी : दोन सुलट, दोन उलट. हेच फेरी संपेपर्यंत.

दुसरी फेरी : एक सुलट, दोन उलट, एक सुलट. हेच फेरी संपेपर्यंत.

या दोन फेऱ्या आलटून पालटून घालत राहाव्यात. चार टाक्यांच्या प्रत्येक गटात पहिला टाका नेहमी सुलट आणि तिसरा नेहमी उलट असतो. दुसरा आणि चौथा तेवढे फेरीगणिक बदलतात. मध्येच उठावे लागले आणि कोणती फेरी चालू होती ते विसरले, तर खुणेनंतरचा दुसरा टाका पाहावा. त्याच्या पायथ्याशी आडवी गाठ दिसली, तर तो उलट विणला गेला आहे. म्हणजे दुसरी फेरी झाली, आता पहिली घ्यायची.

गोल सुई नसेल, तर साध्या दोन सुयांवर १६३ टाके घालावेत. प्रत्येक ओळीत दोन सुलट, दोन उलट असे विणत जावे आणि शेवटचे तीन टाके दोन सुलट, एक उलट असे घ्यावेत. पुढची ओळही अगदी तशीच. दोन्ही बाजूंनी एकच ओळ विणायची असल्याने ही रीत तर आणखी सोपी. शेवटी दोन कडा त्याच लोकरीने शिवून घ्याव्यात.

साधारण १०० फेऱ्या झाल्या, की उंची २६-२७ सेंटिमीटर भरते. गळ्याची उंची याहून बरीच कमी असते. पण उरलेले कापड घड्या पडून बसते, त्या घड्यांमध्येही हवा कोंडते आणि गरज पडेल तेव्हा तोच भाग नाकापर्यंत ओढून घेता येतो. टाके बंद करतानाही जाड सुई वापरावी आणि सुलटावर सुलट, उलटावर उलट विणत ते सैलसर बंद करावेत. कडा वळत नसल्यामुळे वेगळ्या पट्टीची गरज नाही.

धुण्यात घालवू नये

लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणे ही तिन्ही एकत्र आली, की हे खवले एकमेकांत अडकतात, तंतू आवळले जातात आणि कापड आटून नमद्यासारखे घट्ट होते. मग पोतही गेला आणि हवेचे कप्पेही. आटलेली लोकर पुन्हा सैल होत नाही. ‘सुपरवॉश’ लिहिलेल्या लोकरीत या खवल्यांवर प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे ती सहसा आटत नाही.

गळपट्टा गार किंवा जेमतेम कोमट पाण्यात, सौम्य साबणात पंधरा-वीस मिनिटे भिजत ठेवावा. चोळू नये, पिळू तर मुळीच नये. पंचात गुंडाळून हलके दाबले, की पाणी निघते. नंतर सपाट पसरून, हाताने माप जुळवून सावलीत वाळवावा. दोरीवर टांगला, तर पाण्याच्या भाराने लांब होतो. वरून इस्त्री फिरवली, तर उंचवटे दबून कापड सपाट होते. इतक्या टाक्यांनी जमवलेली हवा एका इस्त्रीने निघून जाते.

हिवाळा संपला, की धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवावा. कसर लागते ती घामाने मळलेल्या लोकरीला आधी लागते. पाकळ्या, कडुनिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या काहीही ठेवले, तरी स्वच्छता आणि बंद पिशवी यांना पर्याय नाही.

उसवून पुन्हा

१९६२ च्या चीनयुद्धाच्या वेळी जवानांसाठी देशभर घरोघरी स्वेटर, मोजे, मफलर विणले गेले. त्या पिढीतील अनेक आजींचे हात आजही न पाहता टाके घालतात. त्या काळी घरात लोकर फुकट जात नसे. थोरल्याचा स्वेटर आखूड झाला, की तो उसवून, लोकर लडी करून धुऊन तिचे वळ काढले जात आणि धाकट्यासाठी नवा विणला जाई.

तयार गळपट्टा दुकानात यापेक्षा स्वस्तात मिळतो, हे खरे. पण मापाला चुकला, तर तो टाकून द्यावा लागतो. हाताने विणलेला उसवता येतो, सुई बदलून पुन्हा घालता येतो. दोन गुंडे, एक सुई आणि तेरा-चौदा तास एवढेच त्याचे भांडवल. आता ऑक्टोबरात टाके घातले आणि रोज अर्धा तास दिला, तरी निफाडच्या पाऱ्याची पहिली बातमी येईपर्यंत तो गळ्यात असेल.